कारणाचा रकाना

जळगाव,
गुरुवार, दुपारचे सव्वातीन

प्रिय कामिनी,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे बाजूला ठेवशील, नाहीतर न फोडताच वकिलांकडे नेशील, हे धरूनच लिहायला बसलो आहे. न्यायचं असेल तर खुशाल ने. फक्त आधी एकदा स्वतः वाच, आणि मंगळवारच्या आत वाच. फोन करता आला असता, पण माझा नंबर तू दीड वर्षापूर्वीच ब्लॉक केलास. बरंच केलंस. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर काही लिहावं तर आपल्या दोन्ही घरांत आता मेसेज कोणी वाचत नाही, नुसते स्क्रीनशॉट काढून ठेवतात. म्हणून कागद घेतला. एसटीत बत्तीस वर्षं कागदच काळे केले, तेव्हा हात अजून वळतो.

मंगळवारी जळगावच्या कोर्टात तू आणि माझा हितेंद्र संमतीच्या कागदावर सह्या करणार. जूनपासून तुमची दिपमाला आमच्याकडे राहणार, पाचवीला इथल्या शाळेत जाणार, आणि एकाआड एक शनिवार-रविवार तुझ्याकडे. दोन वर्षं ज्याला तू ठाम नाही म्हणत आलीस, त्याला आता आपणहून हो म्हणालीस. इकडे सगळे खूश आहेत. हितेंद्रने मागची खोली रंगवून घेतली. रंगाचा वास अजून जात नाही, मी दिवसभर खिडकी उघडी ठेवतो. अभ्यासाचं टेबल आलं आहे, त्याला एक कुलूपवाला खण आहे, किल्ली तिच्याजवळच द्यायची असं ठरलं आहे. तुझ्या सासूने, सुनंदाने, माळ्यावरची गोधडी काढून तीन दिवस उन्हात घातली. मी माझी खाट पुढच्या खोलीत ओढून घेतली. आणि सगळ्यांत जास्त खूश मी आहे, हे आत्ताच सांगून ठेवतो. कारण पुढचं वाचून तुला वाटेल की म्हाताऱ्याला पोरगी जड झाली. तसं अजिबात नाही. एकाहत्तराव्या वर्षी मला ह्या घरात फक्त तिच्याशीच बोलावंसं वाटतं. बाकी माणसांशी मी कामापुरता बोलतो.

तर आता एरंडोल. तुला वाटत असेल की मला तिथलं काही कळत नव्हतं. मला सगळं कळत होतं. धुळ्याचं आणि जळगावचं मधलं ठिकाण पारोळा, हे शेंबडं पोरही सांगेल. पण पोरीची देवाणघेवाण एरंडोलच्या स्टँडवर ठरली, कारण ते आम्हाला जवळ आणि तुम्हाला दुप्पट लांब. आमच्या वकिलाने सुचवलं, हितेंद्रने उचलून धरलं, आणि मी गप्प बसलो. वेळ ठरली दुपारी एक. तू ज्या शाळेच्या ऑफिसात काम करतेस ती शनिवारी साडेअकराला सुटते. तिथून पोरीला घेऊन पावणेबाराची गाडी धरणाऱ्या बाईला एरंडोलला एक वाजता पोचणं शक्यच नाही. रस्ता मोकळा असला तरी एक पंचवीस. हे मला कुणाला विचारावं लागत नाही, ह्या रस्त्याच्या वेळा मला पाढ्यासारख्या पाठ आहेत. तरी मी एकला पाच कमी असताना कॅन्टीनच्या बाजूच्या बाकावर जाऊन बसायचो आणि वही उघडायचो.

त्या वहीबद्दल कोर्टात तू जे बोललीस ते मी मागच्या बाकावरून ऐकलं. वकील ती वही जजसाहेबांपुढे हलवत होता, तोवरच्या सगळ्या शनिवारांच्या नोंदी, ठरलेली वेळ, प्रत्यक्ष वेळ, उशीर. पंचवीस मिनिटं, चाळीस मिनिटं, एकदा एक तास दहा. तू एवढंच म्हणालीस की नानांचं अक्षर सुंदर आहे. लोक हसले. मीही मनात म्हटलं, बाई हरली की टोमणे मारते.

आता माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो, कंटाळू नकोस. वाहतूक नियंत्रकाच्या रजिस्टरला पाच रकाने असतात. गाडी नंबर, यायची वेळ, आली ती वेळ, उशीर किती, आणि शेवटचा रकाना कारणाचा. हा पाचवा रकाना सगळ्यांत अरुंद आणि सगळ्यांत महत्त्वाचा. टायर फुटला, फाटक बंद, रस्त्यात पाणी, जे असेल ते. तो कोरा सोडला की उशीर ड्रायव्हरच्या माथी बसतो. झिपरू म्हणून एक ड्रायव्हर होता, चोपड्याच्या गाडीवर. बाळंतिणीला दवाखान्याच्या दारात उतरवायला त्याने गाडी आडवाटेला घेतली, पाऊण तास उशीर झाला, आणि माझ्या हाताखालच्या पोराने कारणाचा रकाना कोरा सोडला. झिपरूवर चार्जशीट. मी स्वतः त्या बाईचं घर शोधून काढलं, तिच्या सासऱ्याचा जबाब आणला आणि साहेबापुढे आपटला. त्या पोराला मी सगळ्या स्टँडसमोर झाडलं होतं, की अरे, वेळ तर घड्याळही सांगतं, तुला पगार कशाचा मिळतो? निवृत्तीच्या दिवशी भाषणात तीच गोष्ट सांगितली गेली, तू होतीस तेव्हा, नवी नवरी होतीस, चहा तूच वाटला होतास. तुझ्या नोंदींच्या वहीला मी चारच रकाने आखले.

दुसरी गोष्ट त्या मोटारसायकलवाल्या काकांची. ती माझ्यामुळेच झाली, हितेंद्रचा त्यात पहिला हात नाही. एरंडोलहून जळगावच्या गाडीत बसलो की मी पोरीला खिडकीशी बसवायचो, हातात शेंगदाण्याची चिक्की द्यायचो आणि हळूच विचारायचो. घरी कोण कोण येतं गं? आई फोनवर कुणाशी बोलते? ती बिचारी चिक्कीच्या नादात सांगायची. एकदा म्हणाली, रोज संध्याकाळी एक काका येतात, मोटारसायकलवर, आजोबांच्या खोलीत जातात, मग आई त्यांना पाणी देते. मी हितेंद्रला सांगताना 'आजोबांच्या खोलीत' एवढे दोन शब्द गाळले. मुद्दाम गाळले की विसरलो, ते आता मला आठवत नाही, आणि आठवलं तरी फरक पडत नाही. महिन्याभराने ते प्रतिज्ञापत्रात चौदाव्या कलमात आलं, तुझ्या नावाला काळं फासून. पुढच्या शनिवारी मोतीलालभाऊ, तुझे वडील, स्टँडवर माझ्यासमोर येऊन उभे राहिले. दोन वर्षांत ते माझ्याशी बोलले ते तेवढंच. म्हणाले, तो मना इन्सुलिनना कंपाउंडर शे, बठ्ठी गल्लीले माहीत शे. इन्सुलिन टोचायला येणारा कंपाउंडर, साऱ्या गल्लीला ठाऊक असलेला. एवढं बोलून ते वळून गेले. त्यांनी शिवी दिली असती तर मला बरं वाटलं असतं. मी त्या दिवसाच्या नोंदीतही फक्त वेळ लिहिली.

त्यानंतर पोरगी बदलली. तुझ्याही लक्षात आलं असेल, पण तुला वाटत असेल की आमच्याकडे ती मोकळी वागते. नाही वागत. पूर्वी आमच्याकडे येऊन ती तुमच्या बोलीत म्हणायची, नाना, माले भूक लागनी. हितेंद्र चिडायचा, ते 'माले' धुळ्यात ठेवून ये म्हणायचा. तिकडे म्हणे तिने आमच्यासारखं 'मले' म्हटलं की तुझी आई हसते. आता ती म्हणते, नाना, मला भूक लागली आहे. अगदी बालभारतीच्या पुस्तकातल्यासारखं. तुमच्याकडे ती माला, आमच्याकडे दिपू. मागच्या खेपेला कुल्फीवाल्याने नाव विचारलं तर तिने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, हजेरीला उत्तर द्यावं तसं. कोण आलं होतं, काय जेवलीस, कुठे गेलात, कशालाही एकच उत्तर, माहीत नाही. नऊ वर्षांच्या पोरीला रात्री काय जेवलो ते माहीत नाही! मी हितेंद्रला म्हटलं, तिकडे हिला पढवून पाठवतात. मला खरंच तसं वाटलं होतं.

आता त्या ऑनलाइन वर्गाचं सांगतो, कारण सगळं तिथेच येऊन अडलं आहे. दिवाळीनंतर समुपदेशक बाईंनी तुम्हा दोघांना सांगितलं की घटस्फोटात भांडणाऱ्या आईबापांसाठी मोबाइलवर एक वर्ग आहे, नऊ धडे, प्रत्येक धड्याला व्हिडिओ आणि प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र, ते दोघांनीही जोडा. तू तो केलास. मला खात्री आहे की तू स्वतः केलास. आमच्या घरी काय झालं ते ऐक. गॅसपासून वीजबिलापर्यंत आणि शेताच्या सातबाऱ्यापर्यंत सगळीकडे नंबर माझा दिलेला असतो, कारण घरी हाताशी असलेला माणूस मीच. हितेंद्रने कोर्टाच्या कागदावरही सवयीने माझाच नंबर टाकला होता. वर्गाची लिंक माझ्या फोनवर आली. हितेंद्र तेव्हा सावद्याला केळीच्या गाड्या भरत होता, भाव चढा होता, सकाळी सहाला जायचा तो रात्री दहाला यायचा. फोनवर म्हणाला, नाना, तुम्ही रिकामेच आहात, दाबत राहा बटणं, प्रमाणपत्र आल्याशी मतलब. मी बटणं दाबली. कामिनी, कोर्टात हितेंद्रच्या नावाने जे प्रमाणपत्र जोडलं आहे, शंभरपैकी ब्याण्णव गुणांचं, ते माझं आहे.

पहिले चार धडे मी खात्याच्या परीक्षेसारखे सोडवले. बरोबर उत्तर कुठलं ते प्रश्न वाचूनच कळतं. सुनंदा शेजारी येऊन बसायची, तिला ती मालिकाच वाटली. व्हिडिओतली ती शांत आवाजाची बाई बोलायला लागली की म्हणायची, आवं, पन हिचा नवरा कुठी गेला? मला हसू यायचं. पाचव्या धड्यात एक नाटुकलं दाखवलं. बाप पोराला गाडीत बसवतो, चॉकलेट देतो आणि विचारतो, तिकडे कोण आलं होतं? पोरगा चॉकलेट खात सांगतो. मग तेच त्याचं बोलणं आईबापाच्या भांडणात फेकून मारलं जातं, आणि पोरगा दाराआड उभा राहून ऐकतो. त्यानंतर त्याला काहीही विचारलं की तो म्हणतो, माहीत नाही. अभिनय अगदी टुकार होता. सुनंदाने पदर तोंडाला लावला आणि मला म्हणाली, हे तुमी करता. एवढंच म्हणून भाजी निवडायला गेली. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात तिने मला एवढं स्पष्ट कधी सुनावलं नव्हतं. खाली प्रश्न होता, मूल दुसऱ्या घरून परत आल्यावर तुम्ही पहिलं काय विचारता? मी बरोबर उत्तरावर बोट ठेवलं, प्रवास कसा झाला. गुण मिळाला. पण त्यानंतर तीन दिवस फोन उघडला नाही. माझ्या मनात त्या पोराच्या जागी आपली दिपू यायची, आणि मला शरम वाटायची. सरळ सांगतो, शरमच वाटायची.

सहावा आणि सातवा धडा मी खरंच शिकलो. वही घेऊन बसलो, टिपणं काढली. मग आला आठवा. तुला तो आठवत असणार. त्यात आईबापांनी एकमेकांना त्या वर्गाच्याच पेटीतून तीन निरोप लिहायचे होते. पहिला, समोरचा माणूस मुलासाठी चांगलं काय करतो. दुसरा, माझी चूक काय झाली. तिसरा, ह्यापुढे मी स्वतः रोज काय करेन. मी हितेंद्रला विचारलं. तो ट्रकवर चढला होता, घड मोजत होता, म्हणाला, लिहा ना काहीतरी गोडगोड, तुमचं मराठी चांगलं आहे.

तो वह्यांच्या कव्हरांचा निरोप मी लिहिला, कामिनी. की तू तिच्या वह्यांना कव्हर घालताना कोपरा आत तिहेरी दुमडतेस आणि आतून कापडी पट्टी लावतेस, म्हणून तिची वही वर्षअखेरीस सुद्धा नवी दिसते, आणि बाकीच्या पोरांच्या वह्यांना कुत्र्याचे कान आलेले असतात. हे हितेंद्रने पाहिलेलं नाही. त्याने तिचं दप्तर कधी उघडलेलं नाही. एरंडोलच्या स्टँडवर तू लांबच्या खांबाशी उभी राहायचीस, मी बाकावर, आणि ती पोरगी दोघांच्या मधली पंचवीस-तीस पावलं एकटी चालत यायची, पाठीवर दप्तर, मागे बघायचं की पुढे ते तिला ठरवता यायचं नाही. गाडी लागेपर्यंत मी ते दप्तर उघडून बघायचो. खरं तर पुरावा शोधायचो, एखादी चिठ्ठी, एखादं नाव. सापडायचे ते कोपरे. दुसऱ्या निरोपात मोटारसायकलवाल्या काकांबद्दल माफी मी मागितली. ती चूक माझी होती म्हणून ती मागणं सोपं गेलं, फक्त नाव मुलाचं घातलं. आणि तिसऱ्यात मी लिहिलं, की संध्याकाळी सहाच्या आत मी घरी असेन, तिची वही रोज मी स्वतः बघेन, आणि तिकडचं तिला काही विचारणार नाही.

तुझं उत्तर गेल्याच्या आधीच्या रविवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी आलं. तू लिहिलं होतंस, तुम्हाला हे कोपरे दिसतात हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. पुढे लिहिलं होतंस, आई बाबांच्या तब्येतीत अडकलेली आणि माझी नोकरी, दुपारी एकपासून सहापर्यंत माला एकटी पडते, म्हणून रात्ररात्र डोळा लागत नाही, पण ती तुमच्याकडे राहील ह्या विचाराने अजून घाबरायचे. जो माणूस तिच्या वहीचे कोपरे बघतो त्याच्याकडे ती राहिली तर मला झोप लागेल. हे शब्द मला पाठ झाले आहेत. मी ते अंगणात उभा राहून वाचले आणि आनंदाने मला घाम फुटला. पोरगी घरी येणार! त्या क्षणी माझ्या मनात दुसरं काहीही आलं नाही, हेही लिहून ठेवतो.

त्या दिवशी संध्याकाळी हितेंद्रला सगळं दाखवलं. त्याने दोनदा वाचलं. मग हसला आणि म्हणाला, नाना, तुम्ही तर वकिलापेक्षा भारी निघालात, आता सह्या होईपर्यंत तोंडाला कुलूप. दुसऱ्या दिवशी रंगारी आला. तू हे वाचून त्याला राक्षस ठरवू नकोस. तो वाईट बाप नाही, तो घरी नसलेला बाप आहे. टेबलाचा खण त्यानेच सांगून करून घेतला, पोरीला काहीतरी तिचं स्वतःचं असावं म्हणून. पण संध्याकाळी सहाच्या आत तो ह्या घरात आलेला मी गेल्या पाच वर्षांत पाहिलेला नाही. काल मी त्याला म्हटलं की जूनपासून तुला सहाला यावं लागेल, तसं लिहून दिलं आहे. तो म्हणाला, तुम्ही आहात ना. आहे, आजच्या घडीला आहे. गेल्या महिन्यात जिन्यात दोनदा चक्कर आली, ते मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

गेले काही दिवस मी स्वतःची समजूत घालतो आहे. कोणी लिहिलं ते काय महत्त्वाचं, लिहिलेलं तर खरं आहे ना. वही मी बघेनच, नातीला मी जपेनच, कुणाचं काय बिघडलं? आपलं ते झाकून ठेवायला माणसाला कारणं बरी सुचतात. मग परवा ह्या शनिवारच्या फेरीच्या तयारीला वही काढली आणि ते चार रकाने बघत बसलो. मंगळवारी तू ज्याच्या भरवशावर सही करणार आहेस तो माणूस त्या कागदावर नसेलच. उद्या कधीतरी, चार महिन्यांनी, वर्षाने, पोरगी तुला सहज सांगेल की बाबा माझी वही कधीच बघत नाहीत, नाना बघतात. तेव्हा तुला कळेल की तू पुन्हा फसलीस, आणि ते पोरीच्या तोंडून कळेल. ती पुन्हा निरोप्या होईल. पाचव्या धड्याला मला पूर्ण गुण आहेत, त्यामुळे हे समजलं नाही असं मला म्हणता येत नाही.

सुनंदाला आज सकाळी सांगितलं की मी लिहिणार आहे. ती म्हणाली, पोरगी जाईन हातची. मी म्हटलं, जाईल. तिने गोधडीची घडी घातली आणि पुन्हा माळ्यावर ठेवली, मग थोड्या वेळाने परत खाली काढली. ती आत्ता खुर्चीवर पडून आहे, शेजाऱ्यांनी विचारलंच तर मी वीजबिलाची तक्रार लिहितो आहे असं सांगायचं तिने ठरवलं आहे. हितेंद्रला मी रविवारी रात्री सांगणार. तो घर डोक्यावर घेईल. कदाचित मला घराबाहेर काढणार नाही, पण बोलणार नाही. तो माझाच मुलगा आहे, न बोलणं त्याला चांगलं जमतं.

तर हे पत्र कशासाठी, ते आता लिहितो. सही कर किंवा करू नकोस असं मी सांगणार नाही, तेवढा माझा अधिकार उरलेला नाही. एवढंच, की करशील ती हे माहीत असताना कर, की ते तिन्ही निरोप गिरधर भंगाळेने लिहिले, तुझ्या नवऱ्याने त्यातला एक शब्दही लिहिलेला नाही, आणि ते ब्याण्णव गुणही त्याचे नाहीत. सोमवारी सकाळी अकराला मी स्वतः समुपदेशक बाईंकडे जाऊन हेच सांगणार आहे. हितेंद्रने तो वर्ग स्वतः करावा, पहिल्या धड्यापासून, मग काय ठरायचं ते ठरो. पत्रासोबत ती वही पाठवतो आहे, मूळ प्रत, कोर्टात दिली ती झेरॉक्स होती. काल दिवसभर बसून पाचवा रकाना आखला आणि भरला. एकेचाळीसपैकी एकोणचाळीस ओळींत लिहिलं आहे, गाडीची वेळ जुळत नाही, हे नोंद करणाऱ्यास माहीत होतं. एका ओळीत, पारोळ्याजवळ रस्त्याचं काम. आणि त्या एक तास दहा मिनिटांच्या ओळीत, मुलीला उलटी झाली, आईने तोंड धुऊन फ्रॉक बदलला, हे नोंद करणाऱ्याने समोरून पाहिलं. वकिलांना दे, त्यांच्या कामाची आहे. उद्या सकाळी सातच्या धुळे गाडीवर वना नावाचा कंडक्टर आहे, पूर्वी माझ्या हाताखालचा, तो पाकीट मोतीलालभाऊंच्या हातात देईल. त्यांना माझा नमस्कार सांग, घेतला तर. वहीच्या अगदी शेवटी एक बेचाळिसावी ओळ आहे, ती तुझी नाही, ह्या पत्राची आहे. निघायची वेळ, रविवार सकाळ दहा वीस. हातून निघालं, गुरुवार दुपार. उशीर, अकरा दिवस. कारण, पोरगी घरी येणार होती.

तुझाच, आणि ह्या खेपेला स्वतःच्याच नावाने,
नाना
(गिरधर सीताराम भंगाळे)